सुखाचा ताळेबंद : खेळातले नगर आणि कुंडलिकेकाठचे धाटाव

संगणकावरचा खेळ म्हटला की धावपळ, गोळीबार आणि वेळेचा अपव्यय एवढेच चित्र अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु त्याच पडद्यावर एक संथ आणि हिशेबी प्रकारचा खेळही रंगतो. त्यास डावपेचाचा खेळ, म्हणजेच स्ट्रॅटेजी गेम, असे म्हणतात. खेळणाऱ्याकडे एखाद्या नगराचा वा राज्याचा कारभार सोपविलेला असतो. रस्ते कोठून न्यावेत, कारखान्यास जागा कोणती द्यावी, कर किती बसवावा, पाण्याची सोय आधी करावी की बाजारपेठ आधी वसवावी, हे सारे त्यानेच ठरवायचे. तिजोरीतील शिल्लक पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसते. दुसऱ्या कोपऱ्यात बहुधा एक छोटासा चेहरा असतो, कधी हसरा, कधी रुसलेला. तो चेहरा म्हणजे प्रजेचे सुख.

तिजोरीचा आकडा काढणे सोपे. जमेतून खर्च वजा केला की शिल्लक हाती येते, आणि ती चुकली तर कोणताही मुनीम चूक शोधून देऊ शकतो. त्या चेहऱ्यामागचा आकडा मात्र कोणी काढला आणि कसा काढला, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. हजारो काल्पनिक नागरिकांचे समाधान एका अंकात बसविण्याची रीत खेळ रचणाराच ठरवितो. ही रीत सदोष असेल तर खेळ बेचव होतो, आणि तासन्‌तास तो खेळणाऱ्या मुलाच्या मनात कारभाराविषयी व माणसांविषयी चुकीचे गणित पक्के बसते. म्हणून या रीतीचा विचार मोठ्यांनीही करणे अगत्याचे आहे.

पटावरचे सुख, पडद्यावरचे सुख

खेळातून जीवनाचे गणित शिकविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. जैन परंपरेतील ज्ञानबाजीचे पट आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांपैकी अनेकांवर ८४ घरे आहेत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. महाराष्ट्रात मोक्षपटाची परंपरा आहे आणि ती संत ज्ञानेश्वरांशी जोडली जाते. पट आखणाऱ्याने कोणत्या घरी शिडी लावली आणि कोणत्या घरी साप सोडला, यातच त्याचे जीवनविषयक मत व्यक्त झालेले असते. पडद्यावरच्या खेळातही तसेच असते. फरक एवढाच की तेथे साप आणि शिड्या दिसत नाहीत, त्या आकडेमोडीत दडलेल्या असतात.

१९८९ मध्ये अमेरिकेतील विल राइट यांचा ‘सिमसिटी’ हा खेळ बाजारात आला. त्यापूर्वी ते हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकण्याचा एक खेळ तयार करीत होते. त्यासाठी बेटे आणि गावे रचताना त्यांच्या ध्यानी आले की ती उद्‌ध्वस्त करण्यापेक्षा वसविण्यात अधिक गोडी आहे. शहर वाढते कसे व खचते कसे याचे गणित त्यांनी प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या नगरविषयक ग्रंथातून अभ्यासले. पुढे १९९१ मध्ये सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ आला. त्यात नगरातील नागरिक आनंदी, समाधानी आणि असंतुष्ट अशा तीन वर्गांत विभागलेले होते. असंतुष्टांची संख्या आनंदी नागरिकांहून अधिक झाली की नगरात बेबंदशाही माजे आणि करवसुली थांबे. देवालय बांधणे किंवा महसुलाचा काही भाग चैनीच्या वस्तूंकडे वळविणे, हे त्यावरचे उपाय.

या खेळाच्या पुढील आवृत्त्यांनी निरनिराळे प्रयोग केले. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत साऱ्या साम्राज्याचे सुख एकाच सामाईक खात्यात जमा होई. नवे नगर वसविले की त्या खात्यातून काही अंक वजा होत. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक नगराचे खाते पुन्हा वेगळे करण्यात आले. पेढीचे एकत्र खाते ठेवावे की शाखांची स्वतंत्र खाती ठेवावीत, हा व्यापाऱ्यांना चांगला ठाऊक असलेला प्रश्न. एकत्र खात्यात एका शाखेचा तोटा दुसऱ्या शाखेच्या नफ्याखाली झाकला जातो. सुखाच्या हिशेबातही नेमके तेच घडते.

धाटाव खेळात मांडायचे ठरले तर

ही यंत्रणा समजून घेण्यासाठी परदेशी नगर घेण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील रोह्याजवळचे धाटाव पुरेसे आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाडकडून रोह्याकडे येताना धाटावचा औद्योगिक परिसर लागतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या या क्षेत्रात रासायनिक कारखान्यांची संख्या मोठी आहे. जवळून कुंडलिका वाहते आणि पुढे रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. रोहा हे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते ते स्थानक. म्हणजे रस्ता, रेल्वे, पाणी आणि उद्योग, नगर वसविण्याच्या खेळाला लागणारे सारे साहित्य येथे एकत्र आलेले आहे.

रोह्याशी आणखी एक नाते जोडलेले आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांच्या कुटुंबाचे रोह्याशी जुने संबंध. ते भारतीय सांख्यिकी संस्थेचेही अध्यक्ष होते. देशाचे उत्पन्न मोजण्याची शिस्त भारतात रुजली ती त्यांच्याच पिढीत. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडविणारे सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी संसदेला एक इशारा दिला होता. उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान करू नये, असा त्याचा आशय होता. उत्पन्नाचा हिशेब आता सर्वत्र ठेवला जातो. कल्याणाचा हिशेब कसा ठेवावा याचे उत्तर अजून शोधले जात आहे, आणि खेळ रचणाऱ्यालाही तेच शोधावे लागते.

धाटावचा खेळ रचताना पहिली पायरी म्हणजे नागरिक कोण हे ठरविणे. कारखान्यातील कायम कामगार, कंत्राटी कामगार, बाहेरगावाहून आलेला भाडेकरू, जमीन दिलेला शेतकरी, कातकरी वाडीतील मजूर, रोह्याच्या बाजारातील दुकानदार, खाडीवर जाळे टाकणारा कोळी, शाळेत जाणारी मुलगी. ‘लोकसंख्या’ या एका शब्दाखाली या सर्वांना घातले की पुढचा सारा हिशेब बिघडतो. कारखाना सुरू झाला की कामगाराच्या खाती जमा पडते, दुकानदाराच्याही पडते, पण त्याच घटनेने कोळ्याच्या खात्यात नावे पडण्याचा संभव असतो. घटना एकच, पण नोंद प्रत्येकाच्या खात्यात वेगळी. दुहेरी नोंद पद्धतीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन उमगते.

पाच खाती आणि एक मर्यादा

दुसरी पायरी गरजांची. सोयीसाठी पाच खाती धरावीत : रोजगार, पाणी-हवा, आरोग्य, निवारा आणि विरंगुळा. प्रत्येकाला शून्य ते शंभर अंक. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, ते धाटावची प्रत्यक्ष मोजणी नव्हेत. समजा, रोजगार ९०, पाणी-हवा १०, आरोग्य ५०, निवारा ६० आणि विरंगुळा ४०. बेरीज २५०, सरासरी ५०. पडद्यावरचा चेहरा ना हसरा ना रडवा, म्हणजे ठीकठाक दिसेल. प्रत्यक्षात ज्या घरी प्यायला स्वच्छ पाणी नाही, त्या घराला ‘ठीकठाक’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. पगार वाढला म्हणून तहान भागत नाही.

यासाठी चांगला रचनाकार सरासरीवर एक मर्यादा घालतो. सर्वांत कमी अंक असलेल्या गरजेपेक्षा एकूण सुख वीसहून अधिक वर जाऊ शकणार नाही, असा नियम केला की वरच्या उदाहरणात एकूण सुख ५० वरून ३० वर येते. आता खेळणाऱ्याला आणखी एक कारखाना उभारून काही मिळत नाही, त्याला पाण्याकडेच वळावे लागते. एका नियमाने खेळणाऱ्याची सारी नजर बदलते.

फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या लहानशा संस्थेने २०१५ मध्ये आणलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या खेळात पाण्याचा धडा फार स्पष्ट आहे. नवखा खेळाडू सांडपाण्याचे नळ नदीच्या वरच्या अंगाला सोडतो आणि पिण्याचे पाणी खालच्या अंगाला उचलतो. काही काळाने सारे नगर आजारी पडते, दवाखाने भरतात आणि लोक घरे सोडू लागतात. कारण शोधता शोधता तो नदीपाशी पोहोचतो आणि प्रवाहाची दिशा प्रथमच नीट पाहतो. कुंडलिकेच्या बाबतीत ही दिशा पाहणे कल्पनेतले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या नदीचे नाव आलेले आहे. धाटावच्या उद्योगांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही उभारलेले आहे. खेळात असे केंद्र उभारण्याचा खर्च पहिल्याच दिवशी तिजोरीतून जातो, आणि त्याचे फळ नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्याच्या खात्यात, पुष्कळ उशिरा जमा होते. कारभाऱ्याची खरी परीक्षा अशा खर्चाच्या वेळी होते.

सवय, तोटा आणि पुरेसेपण

सुखाचे अंक कसे वाढावेत यासंबंधी अर्थशास्त्राने दिलेले काही नियम खेळात फार उपयोगी पडतात. पहिला वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. मासिक पाच हजारांचे दहा हजार झाले तर घरात जेवढा आनंद येतो, तेवढाच आनंद पुन्हा मिळविण्यास दहाचे वीस हजार व्हावे लागतात. खेळात असा नियम घातला की श्रीमंत वस्तीत चौथे उद्यान बांधण्यापेक्षा गरीब वस्तीत पहिले उद्यान बांधणे आपोआप अधिक लाभाचे ठरते. त्यासाठी उपदेश करावा लागत नाही.

दुसरा नियम तोट्याचा. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला पुष्कळ अधिक जाणवते. कर एक टक्क्याने कमी केल्यास तीन अंक मिळत असतील, तर तेवढाच वाढविल्यास सहा अंक जावेत. दुकानदाराला याचा अनुभव रोजचा आहे. वर्षभर सवलत दिलेले गिऱ्हाईक ती सवलत विसरते, पण एका दिवशी नाकारलेली उधारी ते वर्षानुवर्षे लक्षात ठेवते.

तिसरा नियम काळाचा. सुख ही रोजमेळातील उलाढाल नव्हे, ती साठलेली शिल्लक आहे. समजा, नागरिकांचे समाधान ६० आहे आणि परिस्थिती एकाएकी बिघडून ४० अंकांच्या लायकीची झाली. तर आकडा लगेच ४० वर आणू नये. दरमहा अंतराचा दहावा भाग कमी करावा. पहिल्या महिन्यात ५८, दुसऱ्यात ५६.२, तिसऱ्यात ५४.५८. जुनी पुण्याई काही काळ सांभाळून घेते. उलट्या दिशेनेही हेच घडते. पाणी शुद्ध झाले तरी लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. पत कमवावी लागते, आणि ती एका दिवसात मिळत नाही. सणांचे गणित मात्र वेगळे ठेवावे लागते. गौरी-गणपतीत चाकरमानी गावी येतो, पेणच्या मूर्ती घरोघर पोहोचतात, बाजार फुलतो. त्या दिवसांत सुखाचा आकडा झपाट्याने चढतो आणि पंधरवड्यात तितक्याच झपाट्याने उतरतो. उत्सवांवर उत्सव करून पाण्याचा प्रश्न झाकू पाहणाऱ्या खेळाडूला हा उतार लवकरच शहाणपण शिकवितो.

चौथा नियम भूतानकडून घेता येतो. तेथील राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडली आणि २००८ च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. भूतानचा निर्देशांक ९ क्षेत्रांतील ३३ निकषांवर काढला जातो. त्यात प्रत्येक निकषाला ‘पुरेसे’ अशी एक रेषा आहे. त्या रेषेपलीकडे कोणाकडे कितीही अधिक असले तरी त्याचे जादा गुण नाहीत. अपरिग्रहाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. खेळात ती आणली की संपत्तीचा डोंगर रचून दुसऱ्या गरजेची दरी भरून काढण्याची पळवाट बंद होते.

रुसलेला नागरिक काय करतो?

आकडा काढला, पण त्याचा परिणाम काही होत नसेल तर तो शोभेचाच. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात असंतुष्ट माणसापुढचे मार्ग सांगितले. तो निघून जाईल, किंवा बोलून दाखवील. आणि जिव्हाळा असेल तर निघून जाण्याआधी पुष्कळ वेळा बोलून पाहील. गिऱ्हाइकाचेही असेच असते. तक्रार करणारे गिऱ्हाईक दुकानाचे हितचिंतक असते. न बोलता समोरच्या दुकानात गेलेले गिऱ्हाईक हा खरा तोटा.

धाटावच्या खेळात म्हणून तीन परिणाम असावेत. भाडेकरू कामगार सुख घटताच गाव सोडतो आणि कारखान्याला माणसे मिळेनाशी होतात. शेतकरी व कोळी यांना गाव सोडता येत नाही, ते अर्ज करतात, ग्रामसभेत बोलतात, मोर्चा काढतात. दुकानदार आधी उधारी आखडतो, मग माल कमी भरतो. कोणाची तक्रार किती दिवस ऐकली गेली नाही, याचीही नोंद ठेवावी. पोलंडमधील एका संस्थेच्या २०१८ च्या ‘फ्रॉस्टपंक’ या खेळात ‘आशा’ आणि ‘असंतोष’ असे दोन वेगवेगळे आकडे आहेत. माणूस आज गैरसोयीत असूनही उद्याच्या भरवशावर टिकून राहतो, आणि सारी सोय असूनही भरवसा संपला की खचतो, हे त्या दोन आकड्यांनी नेमके पकडले आहे. कोकणातून मुंबईला गेलेल्या आणि खानावळीत दिवस काढलेल्या कित्येक पिढ्यांचा अनुभव याहून वेगळा नाही.

सरासरीची फसवणूक

हजार कामगारांपैकी ९०० कायम कामगारांचे समाधान ७० आणि १०० कंत्राटी कामगारांचे १० असेल, तर सरासरी ६४ येते. चेहरा हसराच राहतो. त्या शंभरांचे दुःख आकड्यात बुडून जाते. बँकेच्या व्यवहारात एकूण कर्जवसुलीचा टक्का चांगला असूनही काही मोजकी खाती साऱ्या शाखेला अडचणीत आणू शकतात. म्हणूनच थकलेल्या खात्यांची यादी वेगळी काढावी लागते. खेळातही एका चेहऱ्याऐवजी निदान दोन आकडे दाखवावेत : सर्वांची सरासरी आणि सर्वांत मागे राहिलेल्या गटाची स्थिती. त्याबरोबर कारणांची यादीही हवी. ‘सुख ४२’ एवढे सांगून भागत नाही. ‘पाण्याचा वास, वजा १२, नवीन दवाखाना, अधिक ६, सहा महिने रखडलेला अर्ज, वजा ४’ असा उतारा मिळाला तरच खेळाडू काही करू शकतो. कारणाशिवायचा आकडा म्हणजे पावतीशिवायची वसुली.

नकाशाबाहेरचे गाव

आता सर्वांत अवघड प्रश्न. खेळाचा नकाशा कोठेतरी संपतो. त्याच्या कडेपलीकडील माणसांचे सुख कोणी मोजायचे?

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की आटू लागतात. कुंडलिकेत मात्र उन्हाळ्यातही पाणी खेळते. कोलाडजवळ पर्यटक नौकाविहाराचा थरार अनुभवतात तो याच पाण्यावर. हे पाणी येते सह्याद्रीच्या पलीकडून. पुणे जिल्ह्यातील मुळा नदीवर मुळशी येथे टाटांनी धरण बांधले. पूर्वेकडे वाहणारे ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर कुंडलिकेला मिळते. वीज मुंबईसाठी होती. धरणाखाली मात्र मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांची भातखाचरे आणि गावे गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली.

शंभर वर्षांपूर्वीचा हा हिशेब एकाच नकाशावर मांडला तर काय दिसते? मुंबईच्या खात्यात वीज जमा झाली. कुंडलिकेच्या खोऱ्यात बारमाही पाणी जमा झाले. मुळशीच्या खात्यात जमीन नावे पडली. मुंबईचा नकाशा घेऊन खेळणाऱ्याला मुळशी दिसणारच नाही, त्याचा चेहरा हसराच राहील. म्हणून जबाबदार रचनाकार नकाशाच्या कडेला एक खाते उघडून ठेवतो. बाहेरून आणलेले पाणी, बाहेर सोडलेला धूर, खाली वाहून गेलेले सांडपाणी यांची नोंद त्यात होत राहते आणि कधीतरी ती वसुलीला येते. ताळेबंदात न दाखविलेले दायित्व हे दायित्वच असते, हे लेखापरीक्षकांना निराळे सांगावे लागत नाही.

माप जेव्हा मालक होते

१९७५ मध्ये इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले. आज ते सोप्या रूपात असे सांगितले जाते की, एखादे मापच उद्दिष्ट झाले की ते चांगले माप राहत नाही. मार्चअखेरीस ठेवींचे उद्दिष्ट गाठण्यासाठी आलेल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघून गेलेल्या ठेवी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ पुरता ठाऊक आहे.

खेळाच्या जगात याचे एक अंगावर काटा आणणारे उदाहरण आहे. फिलिपिन्समधील वास्तुशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने सिमसिटीच्या एका आवृत्तीत ‘मॅग्नासांटी’ नावाचे नगर रचले. त्यासाठी त्याने काही वर्षे कागदावर आकडेमोड केली. लोकसंख्या साठ लाख, रस्त्यांवर कोंडी नाही, बेबंदशाही नाही. खेळाच्या मोजमापाने हे नगर अजिंक्य ठरले. पण त्यातील नागरिक पन्नाशीच्या आसपासच मरत. चोख पोलीस बंदोबस्त आणि एकसुरी इमारती यांच्यात ते जगत आणि कोठेही जात नसत. जास्तीत जास्त लोकसंख्या हे उद्दिष्ट ठेवले की यंत्रणा किती निर्दय होऊ शकते, हेच त्याला त्या नगरातून दाखवायचे होते. आकडे अचूक असूनही नगर अमानुष होऊ शकते, ही शिकवण एखाद्या जाड ग्रंथापेक्षा त्या चित्रातून अधिक लवकर मनात शिरते.

घरातील मुलांसाठी

व्यापारी घरांत एक चिंता रास्त आहे, ती म्हणजे खेळाच्या नावाखाली चालणारा जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यापासून वेगळे मानले. हा फरक घरातही पाळावा. नगर वसविण्याचा खेळ आणि पैज लावण्याचा खेळ हे एकाच तागडीत तोलू नयेत. खेळाच्या वेळेवर मर्यादा हवी. पण खेळाचा सरसकट तिरस्कार केल्यास मुलाशी होऊ शकणारा एक चांगला संवाद हातचा जातो.

खेळरचना हा आता व्यवसायही आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा साहसाचा खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. या व्यवसायात चित्रकार आणि संगणकतज्ज्ञ लागतात, तसेच अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि हिशेबशास्त्र जाणणारेही लागतात. खेळातील वस्तूंचे भाव, करांचे परिणाम, सुखाचे अंक हे सारे शेवटी कोणाला तरी तक्त्यात मांडावेच लागते. पिढ्यान्‌पिढ्या खतावणी लिहीत आलेल्या घरातील मुलांना ही विद्या परकी नाही.

मूल नगराचा खेळ खेळत असेल तर ‘किती वाजले’ यापलीकडे त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा चेहरा हसतो तो कशामुळे? सर्वांत दुःखी कोण आहे आणि तो पडद्यावर दिसतो का? या नगराचा कचरा आणि सांडपाणी कोणाच्या दारात जाते? उत्तर येत नसेल तर वहीचे एक पान घेऊन त्याला धाटाव मांडू द्यावे. डाव्या बाजूला कामगार, शेतकरी, कोळी, दुकानदार, शाळकरी मुलगी. वरच्या ओळीत रोजगार, पाणी-हवा, आरोग्य, निवारा, विरंगुळा. प्रत्येक चौकटीत त्याने स्वतः विचार करून आकडा भरावा आणि त्याचे कारण लिहावे. पान भरले की तळाशी आणखी एक ओळ आखावी आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा माणसांसाठी ती राखून ठेवावी. त्या ओळीत काय लिहायचे हे ठरविताना मूल जेवढा वेळ थबकेल, तेवढा वेळ त्याला थबकू द्यावे.